कैफियतीतल्या त्या एका ओळीबद्दल

दिवाणी न्यायालयांत प्रतिवादीची बाजू मांडणाऱ्या सर्व वकील मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

पुराने, वादळाने किंवा दरड कोसळून झालेल्या नुकसानीचा दावा असला की आपल्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात एक ओळ ठरलेली असते : "सदर नुकसान सर्वस्वी दैवी आपत्तीमुळे झालेले असून त्यास प्रतिवादी कोणत्याही प्रकारे जबाबदार नाहीत." जुन्या फाइलमधून ती नव्या फाइलमध्ये जशीच्या तशी उतरते. पक्षकार समोर बसून अजून हकिगत सांगत असतो आणि आपल्या मनात ती ओळ टाइप होऊन गेलेली असते.

मीही ती लिहिली आहे, किती वेळा ते मोजलेलं नाही. त्यातली एक वेळ मात्र मनातून जात नाही, आणि हे पत्र तिच्यामुळेच लिहितो आहे.

वरच्या अंगाला माझ्या पक्षकाराची जमीन होती, खालच्या अंगाला शेजाऱ्याचं बैठं घर, आणि दोहोंच्या मध्ये दगडी संरक्षक भिंत. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. तिसऱ्या रात्री भिंत घरावर आली. घरातली माणसं पुढच्या खोलीत झोपली होती म्हणून वाचली, मागच्या दोन खोल्या मात्र मातीखाली गेल्या. वकीलपत्र घेतल्यावर मी जागा बघायला गेलो. भिंतीचा एक तुकडा अजून उभा होता. पाणी निचरावं म्हणून त्यात ठरावीक अंतरावर भोकं ठेवलेली होती. मी एका भोकात छत्रीचं टोक घातलं. ते बोटभर आत गेलं आणि अडलं. आत माती गच्च बसली होती आणि तिच्यावर शेवाळाचा थर होता. म्हणजे ती माती त्या तीन दिवसांतली नव्हती.

संरक्षक भिंत बांधताना मागच्या मातीचा भार धरलेला असतो, पाणी मात्र भोकांतून निघून जाईल असं गृहीत असतं. भोकं बुजली की पाणी भिंतीमागे चढत जातं, आणि त्याची उंची दुप्पट झाली की भिंतीला लोटणारा जोर चौपट होतो. पाऊस आभाळातून आला हे खरंच. भिंतीमागे तुंबलेलं पाणी मात्र आभाळाने तिथे अडवून ठेवलं नव्हतं.

ऑफिसात परत येऊन पक्षकाराने दिलेले कागद चाळले. त्यांत शेजाऱ्याचं एक पत्र सापडलं, भिंत पडायच्या तीन महिने आधीचं. अक्षर शाळेतल्या वळणाचं आणि मजकूर अडीच ओळींचा. भिंतीला पोट आलं आहे, भोकांतून पाणी येत नाही, कृपया एकदा बघून जावे.

तरीही मी ती ओळ लिहिली.

साक्षीच्या वेळी शेजारी म्हणाला की मी लेखी कळवलं होतं. त्याची स्थळप्रत, म्हणजे स्वतःकडे ठेवलेली प्रत, कपाटात होती आणि कपाट मातीखाली गेलं होतं. मी उलटतपासणीत विचारलं, "पत्राची पोच दाखवू शकता का?" तो म्हणाला, "नाही." त्याच्या वकिलांनी मूळ पत्र हजर करण्याची नोटीस आम्हाला दिली असती तर ते पत्र न्यायालयासमोर आलं असतं. त्यांनी दिली नाही. दावा फेटाळला गेला. मी खोटं काही बोललो नव्हतो आणि नियमाबाहेरही काही केलं नव्हतं. पण ज्या आपत्तीने त्या माणसाचं घर नेलं, तिनेच त्याचा पुरावाही नेला, आणि त्या गोष्टीचा फायदा मी घेतला. (गाव, साल, नाव यांपैकी काही सांगत नाही. पक्षकाराचा विश्वास मोडायचा हक्क मला नाही आणि ओळख पटेल असा तपशील इथे ठेवलेला नाही.)

त्यानंतर मी हा बचाव मुळातून वाचायला घेतला. इतकी वर्षं तो वापरत होतो, पण नीट वाचला नव्हता.

आपल्या भाषेत अस्मानी आणि सुलतानी हे शब्द जोडीने येतात. जोडीने येत असले तरी त्यांचे अर्थ निरनिराळे आहेत, आणि ज्यांनी दोन्ही सोसलं त्यांनीच ते वेगळे ठेवले. नुकसानभरपाईच्या कायद्याचं सगळं काम या दोन शब्दांमधली रेघ ओढण्याचं आहे. आपली ती ओळ ही रेघच पुसून टाकते.

१८६४ च्या एका स्कॉटिश प्रकरणात लॉर्ड वेस्टबरी यांनी दैवी आपत्तीची जी कसोटी सांगितली, ती पुढच्या कित्येक निकालांनी उचलली. तिचे दोन भाग आहेत. माणसाच्या दूरदृष्टीला जिच्याविरुद्ध तजवीज करता येत नाही अशी ती घटना हवी, आणि तशी घटना घडू शकेल हे लक्षात घेणं सामान्य शहाणपणावर बंधनकारक नसावं. पाऊस खूप होता, वारा जोराचा होता एवढं सांगून यांतला एकही भाग सिद्ध होत नाही. शिवाय हे सिद्ध करण्याचं ओझं बचाव घेणाऱ्यावर असतं. पुस्तकात हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे. प्रत्यक्षात मात्र आपण ती ओळ टाकतो आणि हलगर्जीपणा शाबित करायला वादीला लावतो. देखभालीची नोंदवही आपल्या पक्षकाराच्या कपाटात असते, आणि ती कधी भरली गेली नाही हे शाबित करायचं काम ज्याचं घर गेलं त्याच्याकडे जातं.

१९५८ साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयासमोर कल्लूलाल विरुद्ध हेमचंद हे प्रकरण आलं. भिंत कोसळून दोन मुलं गेली होती. त्या दिवशी २.६६ इंच पाऊस पडला होता आणि मालकाचा बचाव दैवी आपत्तीचा होता. पावसाळ्यात एवढा पाऊस पडणारच, त्यात अपेक्षेबाहेरचं काही नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि मालकाला जबाबदार धरलं. आता हा निकाल काढून आपल्या कैफियती बघा. पावसाचा आकडा किती जणांच्या कैफियतीत असतो? "अभूतपूर्व अतिवृष्टी" हे शब्द मात्र सगळ्यांच्या कैफियतीत सापडतात.

आकडा देणारेही "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" हे शब्द असे वापरतात, जणू तो आता येऊन गेला म्हणजे पुढची नव्व्याण्णव वर्षं निर्धास्त. त्या शब्दांचा अर्थ तसा नाही. तेवढा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढाच तो अर्थ. तीस वर्षं उभ्या राहणाऱ्या बांधकामाचा हिशेब मांडला तर त्या काळात तसा पूर निदान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के भरते, म्हणजे चारांत एक. चारांत एक शक्यता असलेली गोष्ट "मानवी कल्पनेपलीकडची" ठरत नाही. त्याच आकड्यावर बेतून अभियंते मोरीचा व्यास ठरवत असतात. ज्या आकड्याची तजवीज करणं हेच ज्याचं काम, त्याने तोच आकडा बचाव म्हणून पुढे करणं मला पटत नाही.

हा बचाव पोकळ आहे असं मात्र मी म्हणत नाही. १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचरने जमिनीवर पाणी साठवणाऱ्यावर कडक, म्हणजे हलगर्जीपणा नसला तरी येणारी, जबाबदारी टाकली, पण त्याच प्रकरणात खालच्या पायरीवर न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दैवी आपत्तीला जागा ठेवली होती. त्या जागेत बसलेलं गाजलेलं प्रकरण म्हणजे १८७६ चं निकल्स विरुद्ध मार्सलँड. प्रतिवादीच्या जमिनीवर ओढा अडवून केलेली तीन शोभेची तळी होती. कुणाच्या आठवणीत नव्हता असा पाऊस झाला, बांध फुटले आणि खालचे चार पूल वाहून गेले. तळी नीट बांधलेली होती, नीट राखलेली होती आणि हलगर्जीपणा नव्हता, असं ज्यूरीने पुरावा ऐकून ठरवलं. प्रतिवादी सुटली. आपण हा निकाल नेहमी सांगतो, फक्त "पुरावा ऐकून" एवढे दोन शब्द गाळतो. आधी तळं नीट राखल्याचं शाबित झालं, मग ती सुटका झाली.

शिवाय पुढे १९१७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या प्रकरणात त्या निकालावरच शंका घेतली. नगरसंस्थेने मुलांना पाण्यात खेळता यावं म्हणून ओढ्याच्या पात्रात काँक्रीटचं उथळ डबकं बांधलं होतं. असाधारण पाऊस आला, ओढा त्या बांधकामापाशी फुटून रस्त्यावर आला आणि खालच्या रेल्वे कंपन्यांचं नुकसान झालं. पाऊस असाधारण होता हे कुणी नाकारलं नव्हतं. न्यायालयाचं म्हणणं एवढंच होतं, की ओढ्याच्या मूळ वाटेत जो हात घालतो त्याने नवी वाट असाधारण पाणीही सोसेल अशी करायला हवी. हे वाचताना मला बुजवलेले नाले, पात्रात घुसलेल्या इमारती, पुलाखाली अर्ध्यावर आणून ठेवलेले भराव आठवतात. कुठले म्हणून सांगू, ते सगळीकडेच आहेत.

या विषयावरचं मला सर्वांत प्रिय प्रकरण एका जाळीचं आहे. सेडली-डेनफील्ड विरुद्ध ओ'कॅलहन, १९४०. एका धार्मिक संस्थेच्या जमिनीच्या कडेने चर जात होता. स्थानिक प्राधिकरणाने १९३४ मध्ये संस्थेला न विचारता त्यात पाइप टाकला. पानपाचोळा अडावा म्हणून जाळी लावायची होती ती पाइपाच्या तोंडापुढे काही अंतरावर. कामगारांनी ती पाइपावर ठेवून दिली. तिथे तिचा काडीचा उपयोग नव्हता. संस्थेचा माणूस वर्षातून दोनदा चर साफ करत असे, म्हणजे पाइप त्याला ठाऊक होता. तीनेक वर्षांनी जोराचा पाऊस झाला, पाचोळ्याने पाइपाचं तोंड बंद झालं आणि पाणी शेजाऱ्याच्या बागेत शिरलं. संस्था म्हणाली, पाइप आम्ही टाकलेला नाही, पाऊस आम्ही पाडलेला नाही. दोन्ही खरं होतं. तरी संस्था जबाबदार ठरली, कारण धोका तिच्या जमिनीवर होता, तिला तो ठाऊक होता किंवा ठाऊक असायला हवा होता, आणि जाळी हलवून जागेवर लावणं सहज शक्य होतं.

तेच सूत्र १९६० च्या दशकात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींकडून आलेली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायपीठाने, विजेपर्यंत नेलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे शंभर फुटी झाडावर वीज पडली आणि खोड पेटलं. याहून दैवी काय असणार? जमीनमालक गोल्डमन याने झाड पाडलं. इथपर्यंत त्याचं काही चुकलं नाही. पुढे पाणी मारून आग विझवणं शक्य असताना त्याने ती आपोआप जळून विझू दिली. दोन-तीन दिवसांत वारा सुटला, उष्मा वाढला आणि आग शेजाऱ्यांच्या जमिनींवर गेली. वीज पडली त्या क्षणाचा हिशेब त्याच्याकडे कुणी मागितला नाही. मागितला तो नंतरच्या दिवसांचा. मला वाटतं, आपल्या बहुतेक प्रकरणांत खरा वाद या "नंतरच्या दिवसांचा" असतो. क्वचित "आधीच्या महिन्यांचा" असतो, माझ्या त्या भिंतीसारखा.

तुमच्यातले जे छोट्या जमीनमालकांची बाजू मांडतात ते म्हणतील की सगळ्यांकडे भिंत दुरुस्त करायला पैसा असतो का? रास्त प्रश्न आहे, आणि कायद्यानेही तो विचारात घेतला आहे. इंग्लंडमध्ये १९७६ च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर सॉमरसेटमधल्या एका टेकडीला भेगा पडल्या. टेकडीची मालकी नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे होती. पायथ्याच्या रहिवाशांनी संस्थेला कळवलं. टेकडी निसर्गाने घडवलेली आहे, ती घसरली तर जबाबदारी आमची नाही, असं उत्तर मिळालं. काही आठवड्यांत टेकडीचा एक भाग घरांवर आला. अपिलात संस्था हरली. पण न्यायालयाने कर्तव्याला माप घातलं : मालकाची ऐपत किती, धोका केवढा, उपाय किती खर्चाचा हे सगळं पाहायचं. ऐपत नसलेल्या मालकाने शेजाऱ्याला धोक्याची कल्पना दिली, त्याला आत येऊन काम करू दिलं, तरी त्याचं कर्तव्य पार पडलेलं असू शकतं. पैसा नसेल तर निदान सावध तरी करावं, एवढीच ही अपेक्षा आहे.

आणि हेच माप दुसऱ्या बाजूनेही चालतं. १९९३ च्या जूनमध्ये स्कारबरोच्या समुद्रकाठचा कडा असा ढासळला, की वरच्या हॉलबेक हॉल हॉटेलची हिरवळ आणि इमारतीचा भाग खाली गेला. उरलेली इमारत पाडावी लागली. कड्याची मालकी नगरपरिषदेची होती, आधीही तिथे छोट्या घसरणी झाल्या होत्या. तरी २००० साली अपील न्यायालयाने परिषदेला सोडलं. एवढ्या मोठ्या घसरणीची कल्पना खोल भूगर्भीय तपासणीशिवाय येणं शक्य नव्हतं आणि तशी तपासणी करून घेणं तिच्यावर बंधनकारक नव्हतं. हॉटेलवाल्यांसाठी मला वाईट वाटतं, पण निकाल मला चुकीचा वाटत नाही. काही नुकसानीला खरोखरच कुणी देणेकरी नसतो. ते मान्य केलं तरच उरलेल्या ठिकाणी देणेकऱ्याचं नाव घेण्याचा हक्क आपल्याला राहतो.

आता मोठ्या पक्षकारांकडे येतो, कारण तिथे ती ओळ सर्वांत महाग पडते.

२६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकच्या खोऱ्यात कोळशाच्या टाकाऊ मालाचा बांध फुटला. १२५ माणसं मेली, चार हजारांवर बेघर झाली. त्याच्या चारच दिवस आधी तपासनीसाने बांध समाधानकारक असल्याचा शेरा दिला होता. खाणकंपनीच्या बाजूने पहिला शब्द आला तो दैवी आपत्ती हाच. बांध कंपनीने रचला होता, कशावर रचला हे कंपनीला ठाऊक होतं, आणि फेब्रुवारीचा पाऊस त्या खोऱ्याला नवा नव्हता. दोन वर्षांनी १ कोटी ३५ लाख डॉलरवर तडजोड झाली. माझ्या लक्षात तो पैशाचा आकडा राहत नाही, तो पहिला शब्द राहतो. ज्यांची माणसं अजून गाळात होती त्यांना तो ऐकावा लागला होता.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज हे गाव जळालं. ८५ मृत्यू, १८ हजारांहून अधिक बांधकामं भस्मसात. कोरडं रान आणि सुसाट वारा ही निसर्गाची बाजू झाली. ठिणगी मात्र वीजवाहिनीच्या मनोऱ्यावरचा, जवळपास शंभर वर्षं जुना, झिजत झिजत तुटलेला एक लोखंडी आकडा निखळल्याने पडली. वीजकंपनीने २०२० मध्ये सदोष मनुष्यवधाचे ८४ गुन्हे न्यायालयात कबूल केले. वाऱ्याकडे बोट दाखवणं तिलाही सोपं होतं. पण आकड्यावरची झीज वर्षानुवर्षांची होती आणि ती मोजता येत होती, अगदी माझ्या त्या भिंतीच्या भोकातल्या शेवाळासारखी.

सरकारची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकेत १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर १९२८ चा पूरनियंत्रण कायदा झाला. त्यात पुराच्या पाण्याने झालेल्या कोणत्याही नुकसानीची जबाबदारी संघ सरकारवर येणार नाही असं कलम आहे. २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधल्या कालव्यांच्या काही पूरभिंती पाणी वरून ओसंडायच्या आधीच कोसळल्या. लष्कराच्या ज्या अभियंता दलाने त्या बांधल्या त्यांच्या चुका उघड झाल्या. २००८ मध्ये न्यायमूर्ती ड्युवल यांनी त्या दलावर कडक ताशेरे ओढले आणि त्याच निकालात कलमापुढे हात टेकून दावे काढून टाकले. तिथे तर दैवी आपत्तीचा बचावही लागला नाही, कायद्यानेच दार लावून घेतलं होतं. पण ह्यूस्टनमध्ये २०१७ च्या हार्वी वादळानंतर लोकांनी दुसरं दार शोधलं. सरकारी जलाशयाचं पाणी जिथवर चढेल हे आराखड्यातच दिसत होतं, तिथवरची जमीन सरकारने विकत घेतलेली नव्हती. पाणी खासगी घरांत साठलं. २०१९ मध्ये संघ सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाने म्हटलं की ही मालमत्ता मोबदला न देता घेतल्यासारखीच आहे. हलगर्जीपणाची भाषा सोडून संपादनाच्या भाषेत आलेला हा युक्तिवाद वादीच्या वकिलांनी जरूर अभ्यासावा. आपल्याकडेही २०१६ मध्ये वोहरा सादिकभाई प्रकरणात धरणातून सोडलेल्या पाण्याने झालेल्या नुकसानीपुढे दैवी आपत्तीचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. विमा कंपनीने पैसे दिले म्हणजे जबाबदारीचा प्रश्न मिटला असं होत नाही, भरपाई देऊन कंपनी विमेदाराच्या जागी उभी राहून दोषी पक्षाकडे वसुली मागू शकते. आणि पॉलिसीत वाऱ्याचं नुकसान आत व पुराचं बाहेर असेल, तर नुसता चौथरा उरलेल्या घराचं छप्पर आधी वाऱ्याने उडालं की भिंती आधी पाण्याने गेल्या, हे शाबित करताना माणूस थकून जातो. कतरिनानंतर हजारो लोक याच वादात अडकले.

"आता हवामानच बदललं आहे, कुणाला कसला अंदाज?" हा नवा बचाव अलीकडे वारंवार ऐकू येतो. मला तो उलटा वाटतो. अतिवृष्टी वाढणार हे इतक्या जाहीरपणे सांगितलं जात असताना ती अकल्पित कशी राहील? कालपर्यंत अपवाद असलेला पाऊस उद्याच्या मोरीच्या हिशेबात धरावाच लागेल. पेरूतल्या एका शेतकऱ्याने जर्मन वीजकंपनीवर दावा लावला होता, की तुमच्या उत्सर्जनामुळे हिमनदी वितळते आहे आणि वरच्या सरोवरातून माझ्या घराला पुराचा धोका आहे. मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या हामच्या न्यायालयाने तो फेटाळला, कारण त्याच्या घरापर्यंत पूर येण्याची शक्यता फार थोडी आढळली. पण इतक्या दुरून केलेल्या उत्सर्जनाचीही जबाबदारी तत्त्वतः येऊ शकते हे त्याच निकालात मान्य झालं.

आता मागणं. वकिलाने पक्षकाराचं मांडायचं असतं हे मला शिकवायला नको, आणि प्रतिवादीला बचावाचा पूर्ण हक्क आहे. माझं म्हणणं इतकंच, की तो बचाव तपासून घ्या आणि मग लिहा. देखभालीची वही मागवा. शेवटची सफाई कधी झाली, कुणी केली, सही कुणाची, ते बघा. त्याच पावसात आसपासच्या किती भिंती उभ्या राहिल्या हे विचारा, कारण दहांतली एकच पडली असेल तर पावसाला दोष देणं अवघड आहे. पावसाचा आकडा जवळच्या केंद्राचा घ्या, आणि चोवीस तासांच्या बेरजेबरोबर तासागणिक किती पडला तेही घ्या. शेजाऱ्याचं पत्र सापडलं तर पक्षकाराला समोर बसवून स्पष्ट सांगा की आता या बचावात दम राहिलेला नाही, तडजोड करा. हे त्याच्या हिताचंही आहे. पत्र निघाल्यावर पडणारा हुकूमनामा तडजोडीपेक्षा जड असतो. आणि बचाव खरा असेल, निकल्सच्या तळ्यांसारखं सगळं नीट राखलेलं असेल, तर वही निशाणी म्हणून, म्हणजे पुराव्यातला कागद म्हणून, दाखल करा आणि ताठ मानेने लढा. तेव्हा मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

वादीचं काम करणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. झाड वाकलंय, फांदी वाळलीय, भिंतीला पोट आलंय असं पक्षकार सांगत येतो तेव्हा अजून काही पडलेलं नसतं, म्हणून आपण "बघू" म्हणून त्याला परत पाठवतो. पाठवू नका. निरोगी झाड वादळात पडलं तर सहसा कुणी जबाबदार नसतं. खोड पोकळ असल्याचं कळवूनही राखलेलं झाड पडलं तर सगळं बदलतं, आणि ते बदलतं त्या कळवण्यामुळे. पत्र पोच घेऊन द्यायला लावा, तारखेसह फोटो काढायला लावा आणि एक प्रत त्या घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा तुमच्या कपाटात ठेवा. नंतर दावा लावलात तर मूळ कागद हजर करण्याची नोटीस पहिल्याच तारखेला द्या. माझ्यासमोरच्या वकिलांनी ती दिली असती तर मी आज हे पत्र लिहीत नसतो.

न्यायाधीशांना उद्देशून मी लिहीत नाही, पण त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती : देखभालीच्या नोंदी दाखल केल्याशिवाय दैवी आपत्तीच्या मुद्द्यावर वाद ऐकू नये.

येत्या पावसात कुणाच्या तरी घरावर काहीतरी येईल आणि त्याची फाइल तुमच्या टेबलावर पडेल. ती ओळ टाइप करायच्या आधी एकदा त्या जागेवर जाऊन या. पाऊस उघडल्यावर लगेच जा, ढिगारा उपसून कुणी साफसफाई करायच्या आत. छत्री बरोबर घ्या, आणि उभ्या राहिलेल्या भिंतीत एखादं भोक दिसलं तर तिचं टोक आत घालून बघा.

आपला,
एक वकीलबंधू